नवऱ्याची बाजू

यंदा तरी नवऱ्याला जिंकवायचंच, असं विमलाबाई कॉलेजचा जिना चढताना उत्कर्षाला म्हणाल्या. इतकी वर्षं त्या वर्गासमोर नवऱ्याची बाजू मांडत होत्या आणि दर वर्षी हरत होत्या. दोन हजार एकचा मार्च चालू होता आणि ही शेवटची खेप होती. जूनपासून या तासाला सायबर कायदा शिकवायचं कॉलेजनं ठरवलं होतं.

उत्कर्षा संध्याकाळच्या वर्गाला राज्यघटना शिकवायची. गाजलेले खटले ती गाइडातून शिकवत नसे, मूळ कागद वाचायला देई. आजचा प्रश्न होता, नांदायला न येणाऱ्या बायकोला कोर्ट हुकूम काढून आणू शकतं का. एका हायकोर्टानं १९८३ साली असा हुकूम देणारं कलमच घटनेविरुद्ध ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. या दोन निकालांच्या मधे पुण्याच्या कोर्टात चाललेल्या एका अर्जाचे कागद उत्कर्षाच्या वडिलांच्या वकिली दप्तरात होते. मुलांना वाटायच्या प्रतींवर तिनं नवरा-बायकोची नावं काळ्या शाईनं झाकली होती.

बाजू मांडायला वडिलांच्या ओळखीतले दोघं यायचे, विमलाबाई आणि उत्तरेश्वरराव. वकील दोघंही नव्हते. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, ते बँकेतून. त्यात बाई नवऱ्याच्या बाजूनं बोलायच्या आणि उत्तरेश्वरराव बायकोच्या. मुलं त्यांना काका-काकू म्हणत.

उत्तरेश्वरराव आधीच येऊन बसले होते.

"हा स्वेटर अजून आहे?" विमलाबाईंनी विचारलं.

"उसवला नाही अजून."

त्यांनी पिशवीतून धुऊन पुसलेला स्टीलचा डबा काढून दिला. विमलाबाईंनी तो घेतला आणि त्याच्यासारखाच दुसरा, भरलेला डबा त्यांच्यापुढे सरकवला. बेसनाचे लाडू होते. मागच्या बाकावर हशा पिकला.

तिथं चेतन बसला होता. दिवसा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आणि संध्याकाळी इथं. तो म्हणाला, "काका, घरी कोण जिंकतं?"

"घरी आमचा वाद होत नाही," उत्तरेश्वरराव म्हणाले.

वर्ग हसला. विमलाबाई चष्मा पुसत राहिल्या.

निकितानं अर्ज वाचून दाखवला. बायकोची नोकरी लांब होती. सासू म्हणाली, नोकरी सोड. नवरा गप्प बसला. बायकोनं नोकरीजवळ खोली घेतली. मग नवऱ्याचा अर्ज: सामनेवाली हिने अर्जदाराच्या नारायण पेठेतील घरी नांदावयास यावे, असा हुकूम व्हावा.

विमलाबाई उभ्या राहिल्या. दर वर्षी त्या कलमांपासून सुरुवात करत. आज त्यांनी कागद पालथे घातले.

"हा माणूस वाईट नाही," त्या म्हणाल्या. "त्याला 'ये' म्हणता आलं नाही, म्हणून त्यानं ते वकिलाकडून लिहून घेतलं. भाषा वकिलाची आहे, वाट पाहणं त्याचं आहे. त्याला चुकला म्हणा. पण त्याच्या मनात काही नव्हतं, असं म्हणू नका."

निकितानं वहीत काही लिहायला घेतलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

मग उत्तरेश्वरराव उठले. बायकोचं लेखी म्हणणं त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी त्याकडे पाहिलं नाही.

"माझी अशील म्हणते, 'मला बोलावणं आलं असतं तर मी विचार केला असता. मला समन्स आलं.'" त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "हुकमानं माणूस दारापर्यंत आणता येतं. ते घरात आलं, असं त्यानं होत नाही. आपण विचार करावा."

हे 'आपण' त्यांनी विमलाबाईंकडे बघून म्हटलं होतं, मुलांकडे नाही. आणि ते खाली बसले.

उत्कर्षानं हात वर करायला सांगितलं. बायकोच्या बाजूनं जवळजवळ सगळा वर्ग. नवऱ्याच्या बाजूनं एकटा चेतन, तोही काकूंना वाईट वाटू नये म्हणून. विमलाबाई याही वर्षी हरल्या.

पुण्याच्या न्यायाधीशांनीही नवऱ्याचा अर्ज फेटाळला होता, असं उत्कर्षानं सांगितलं. थोड्याच दिवसांत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. नवऱ्याला अपील करायला मुदत होती. त्यानं केलं नाही.

"का?" निकितानं विचारलं.

ते कागदांत नाही, असं उत्कर्षा म्हणाली.

"त्याला निकाल पटला असेल," उत्तरेश्वरराव म्हणाले.

निकिताचं समाधान झालं नव्हतं. "पण जिंकल्यावर ती आपणहून जाऊ शकली असती ना?"

याचं उत्तर विमलाबाईंनी दिलं. "कायद्याची आडकाठी नव्हती. पण कोणी बोलवायला नको का?"

उत्तरेश्वरराव डब्याचं झाकण घट्ट आहे की नाही, ते पाहत होते.

तास संपला. उत्कर्षा विमलाबाईंच्या पाया पडली आणि डोळे पुसत स्टाफरूमकडे गेली. फाटकाशी मुलांच्या मोटारसायकली सुरू झाल्या, कुणाचा मोबाइल वाजला. चेतननं काका-काकूंसाठी रिक्षा थांबवली. पुढच्या वर्षी चुकल्याचुकल्यासारखं होईल, असं तो म्हणाला आणि निघून गेला.

"हा डबा आता परत कुठं द्यायचा?" उत्तरेश्वररावांनी विचारलं.

विमलाबाईंनी आपल्या पिशवीतला रिकामा डबा नीट बसवला.

रिक्षावाल्यानं कुठं जायचं ते विचारलं. दर वर्षीचं उत्तर उत्तरेश्वररावांच्या तोंडी बसलेलं होतं. "आधी बाईंना विश्रांतवाडीला सोडा, मग मला नारायण..." ते मधेच थांबले. मग रिक्षावाल्याकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाले, "येतेस?"

"समन्स महिन्याभरात धाडलं होतंत," विमलाबाई पदर सावरून रिक्षात बसल्या. "बोलवायला मात्र सतरा वर्षं लावलीत."