दीडशे वर्षांनंतरचं जकार्ता

महिनाभर जाहिरातींनी गाजवलेली ती विज्ञानकथेची मालिका एकदाची सुरू झाली. दीडशे वर्षांनंतरच्या जकार्तात समुद्र घरात शिरला आणि नायिकेने गळा काढला.

"रडतेस काय बावळटासारखी? आधी फ्रिज टेबलावर चढव की!" आजच्या जकार्तात, आपल्या घरातल्या खाटेवर बसलेली तुमिनी टीव्हीवर खेकसली.

"अगं, दीडशे वर्षांनंतरची गोष्ट आहे ती," नवरा म्हणाला.

"आणि तोवर हिला एवढंही कळलं नाही? यात नवीन काय दाखवलं मेल्यांनी?"

तेवढ्यात नायिकेच्या दाराशी सरकारी बोट आली. साहेबांनी उशिराबद्दल हात जोडून माफी मागितली.

खाटेखालच्या पाण्यात तरंगत चाललेली नवऱ्याची चप्पल तुमिनीने वाकून पकडली आणि फिस्सकन हसली.

"हां, आता सुरू झाली विज्ञानकथा!"