खात्रीचा काटा

नासिर सरांनी ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला, थोडा वेळ थांबले आणि मग पोरांकडे बघून मान हलवली. लातूरहून आणलेला त्यांचा कबड्डीचा संघ तोवर हात आवरून बसला होता.

"सर, इख न्हाई घातलं त्यात," खानावळवाल्या नागुबाई म्हणाल्या. पण म्हणताना हसत होत्या.

"तसं न्हाई मावशी. सवय हाय," सर ओशाळले.

सवय होतीच, पण कारणही होतं. अर्धापूरच्या या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत यजमान कॉलेजच्या वाट्याला आलेल्या, परभणीसह दोन तगड्या संघांचे हुकमी गडी ऐन सामन्याआधी वजनात बाद झाले होते. दोघंही शपथेवर सांगत होते की, घरून निघताना वजन मर्यादेत होतं. दोन्ही सामने यजमानांनी आरामात मारले. आता उपांत्य सामना लातूरशी होता. कुठंतरी पाणी मुरतंय, याबद्दल सरांना तिळमात्र शंका नव्हती.

यजमान संघ टिकण्यात गावाचं किती अडकलंय, ते रस्त्यानं चालतानाही दिसत होतं. केळीच्या व्यापाऱ्यांनी गोदामं झाडून पाहुण्यांसाठी खाटा टाकल्या होत्या. रिक्षा नांदेडहून भरभरून येत होत्या. रसवंतीसमोर उभं राहायला जागा नव्हती. नागुबाईंचे पती नरसिंग यांनी तर मांडव घालून खानावळ दुप्पट केली होती.

"मागच्या साली आपलं कॉलेज पहिल्याच दिशी हरलं," नरसिंग भाकरी वाढता वाढता म्हणाले. "सांजच्याला गाव मोकळं. भाजी उकिरड्यावर टाकली. औंदा तसं झालं, तर खानावळीला कुलूपच."

सरांनी हे ऐकलं आणि मनातल्या मनात अख्ख्या गावालाच संशयितांच्या रांगेत उभं केलं.

त्यांचा जीव अडकला होता धम्मदीपमध्ये. असा चढाईपटू त्यांना पुन्हा मिळणार नव्हता. उद्याचा सामना बघायला विद्यापीठाची निवड समिती येणार होती. धम्मदीप विद्यापीठाच्या संघात गेला, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागायची त्याची वाट मोकळी होणार होती. मोलमजुरी करून त्याला शिकवणारी आई त्याच आशेवर होती, आणि कॉलेजचं हे त्याचं शेवटचं वर्ष. पण गडी वजनाच्या मर्यादेला टेकलेला. काटा जरा जरी इकडंतिकडं केला, की पहिला बळी त्याचाच.

म्हणून सरांची नजर सगळीकडे फिरत होती. त्यांनी पाण्याचा जार स्वतः उघडला. चुलीपाशी जाऊन डोकावून आले. दही, धपाटे, केळीचं शिकरण, सगळं आधी चाखलं. सगळं ताजं आणि चोख होतं.

"कालची परभणीची लेकरं बी आपल्याकडंच व्हती," नागुबाई धम्मदीपच्या वाटीत शिकरण ओतत म्हणाल्या. "लई गोड पोरं. तू का लाजून राहिला रं? आईपाशी असं लाजतो का?"

धम्मदीपनं वाटी रिकामी केली. ती पुन्हा भरली. आईचं नाव काढल्यावर त्या पोराच्यानं नाही म्हणवेना.

कोपऱ्यात नागुबाईंचा मुलगा बसवंत जेवत होता. यजमान संघाचा कर्णधार तोच. त्याच्या पुढ्यात अर्धी भाकरी आणि पातळ वरण. त्यानं शिकरणाकडे हात नेला, तशी नागुबाईंनी वाटी बाजूला सरकवली.

"बास झालं तुला. पाहुणे जेवू दे."

सरांना भरून आलं. पोटच्या पोराला मागं ठेवून परक्या पोरांना वाढणारी बाई, आणि आपण तिच्या भाकरीत विष शोधतोय. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे जेवणात काही नाही. दगा आहे तो काट्यातच.

सकाळी त्यांनी संघ खानावळीत बसवला.

"मावशी, मला मैदानावर काम हाय. पोरं तुमच्या भरवशावर सोडून चाललो."

"बिनघोर जावा. एकाला बी उपाशी ठेवत न्हाई."

सरांनी केळीच्या बाजारातून सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं मागून आणली. मैदानावर पंचांना उठवून आणलं, दोन्ही संघांच्या माणसांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर एकेक वजन काट्यावर चढवलं. काटा बरोबर. काढून पुन्हा चढवलं. काटा बरोबर. काटा हलवून दुसरीकडे ठेवायला लावला. तरी बरोबर.

"सर, झालं समाधान?" पंचांनी विचारलं.

"झालं. काटा खात्रीचा हाय," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मनावरचं ओझं उतरलं होतं. सामना संपला की नागुबाईंची माफी मागायची, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

वजनाची वेळ संपत आली, तेव्हा पोरं खानावळीतून आली. धम्मदीप काट्यावर चढला. पंचांनी आकडा बघितला, त्याला खाली उतरवलं आणि पुन्हा चढवलं.

"जास्त भरतंय."

धम्मदीपनं बनियन काढलं. बूट तर आधीच काढले होते. आकडा तरीही मर्यादेच्या वरच राहिला.

"सर, काटा..." तो म्हणाला.

सरांनी घड्याळ बघितलं. धावून घाम काढायला वेळ उरला नव्हता. तो वेळ त्यांनीच काटा तपासण्यात घालवला होता.

"आईला काय सांगू, सर?" धम्मदीप हळूच म्हणाला. सरांना त्याच्याकडे बघवेना.

पाठोपाठ बसवंत चढला. मर्यादेत बसला आणि काट्यावरून उतरून थेट दोरीपलीकडे गेला. सामना संध्याकाळी होता. तिथं नागुबाई भलामोठा डबा घेऊन कधीच्या उभ्या होत्या.

"झालं ना वजन?" त्यांनी झाकण काढलं. "आता जेव बाबा पोटभर."