बारीक डोळ्यांची सेना

“जिंकणारी सेना नको,” ती म्हणाली. “सगळ्यात बारीक डोळ्यांची द्या.”

दुकानदारकाकांना हसू आलं. स्वतः रंगवून टेबलावर लढवायच्या बोटभर सैनिकांचं दुकान चालवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवीन माणूस यायचा तो सगळ्यात बलाढ्य सेना मागायचा. डोळे मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

“ताकद बघत नाही हे बरं करता,” ते म्हणाले. “नियम बदलले की ताकद बदलते. जी सेना हरतानाही बघावीशी वाटेल, ती घ्यायची. आणि एकच तुकडी. ती पुरी रंगल्याशिवाय दुसरी पेटी उघडायची नाही.”

“सांगणाऱ्याच्या माळ्यावर न उघडलेल्या पेट्यांचा ढीग आहे, बरं का!” आतून काकूंचा आवाज आला.

तिने भालाईत निवडले. उघड्या तोंडाची शिरस्त्राणं, मिरीएवढी डोकी. नियमांचं पुस्तक मात्र तिने परत ठेवून दिलं.

“मग खेळणार कसं?”

“आधी हात बसू दे.”

दुकानातल्याच टेबलाशी बसून तिने ब्रश उचलला तेव्हा बाहेर आलेल्या काकूंना तिच्या मनगटावरचा लांब, ताजा व्रण दिसला. ब्रशचं टोक थरथरलं. डोळ्याचा पांढरा ठिपका गालावर पडला.

“स्कूटरवरून पडले,” कुणी विचारायच्या आत तीच म्हणाली.

“मग डोळे राहू द्या की,” काका म्हणाले. “हातभर अंतरावरून कोण बघतं? खोबणीत पातळ तपकिरी रंग सोडला की सावली पडते, काम भागतं. निम्मे लोक तेच करतात.”

“नाही. डोळेच शिकवा.”

काकांनी तिचं मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. ते चाचपडतच करावं लागलं. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता आणि डावा मोतीबिंदूने धुरकटला होता. दिव्याखाली भिंगाशी नाक लावलं तरच बारीक काही दिसायचं.

“ऑपरेशन का करून घेत नाही?” तिने विचारलं.

“तारीख कुठे मिळतेय? एकच डोळा, त्यात मोतीबिंदू दगडासारखा घट्ट झालेला. इस्पितळातले म्हणतात, याला मोठे डॉक्टरच हात लावतील. आणि मोठे डॉक्टर रजेवर. कधी येणार, देव जाणे.”

“त्यांचं काय जातंय!” काकू म्हणाल्या. “इथे आमची आंधळी कोशिंबीर चाललीय, आणि ते बसले असतील कुठेतरी हवा खात.”

तिने ओल्या फडक्याने सैनिकाचा गाल पुसला आणि पुन्हा ब्रश उचलला.

त्यानंतर ती रोज दुपारी येऊ लागली. मागच्या खिडकीशी बसायची. काका शेजारी बसून सांगायचे, “श्वास रोखू नका. रोखला की हात ताठरतो. सोडा, आणि सोडता सोडता टेकवा.”

सैनिक कधी तिरळे व्हायचे, कधी दचकलेले. काकूंनी त्यांना नावच पाडलं, चकणी पलटण. “हा बघा, अगदी आपल्या व्याह्यांसारखा बघतोय. मान भिंतीकडे, लक्ष ताटाकडे!”

ती खळखळून हसली. मग तिने सगळ्या पलटणीचे डोळे पुसून टाकले.

“अगं बाई, दोन-तीन छान झाले होते की!”

“दोन-तीन चालत नाहीत, काकू. प्रत्येक यायला हवा.”

दुकानात खेळायला येणारे तिला छोट्या लढाईला बोलवायचे. ती मान हलवून नाही म्हणायची. शेवटी काकांनीच विचारलं, “स्पर्धा आहे का कुठे?”

“तसंच काहीसं. दुसरा डाव मिळत नाही त्यात.”

“म्हणजे बाद फेरी! मग बरोबर आहे तुमचं.”

हळूहळू ठिपके जागेवर पडायला लागले. एके दिवशी काकू चष्मा लावून पलटणीसमोरून इकडून तिकडे गेल्या. “मेले, जाईन तिकडे माझ्याकडेच बघतायत!”

काकांनी एकेक सैनिक भिंगाखाली धरला. “माझ्या उमेदीतसुद्धा मला असे जमले नव्हते,” ते म्हणाले.

तिचं तेवढ्याने समाधान झालं नाही. तिने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. आत काकांचा घोडेस्वार सेनापती होता. झुलीची नक्षीसुद्धा रंगवलेली. फक्त डोळे कोरे. तिथवर येईतो काकांची नजर गेली होती.

“तो माझ्या हातात द्याल?”

“अगं, हे मलासुद्धा नाही हात लावू देत त्याला!” काकू म्हणाल्या.

काका विचारात पडले. हा हात किती थरथरत होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सेनापती तिच्या तळहातावर ठेवला.

तिने मनगट टेकवलं. श्वास सोडला. एक ठिपका. मग दुसरा. फडक्याला तिने हात लावला नाही.

काकांनी भिंगातून पाहिलं. “आता जा. जिंकाल.”

“बघू या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. तयार पलटण खिडकीशी तशीच उभी राहिली. “लढाईला गेली आणि सेना इथेच विसरली!” काका हळहळले. तिच्या निकालाची वाट बघण्यातच दिवस जात होते, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. तारीख मिळाली होती.

ऑपरेशनच्या टेबलावर त्यांच्या तोंडावर हिरवं कापड पसरलं. फक्त डावा डोळा उघडा राहिला. औषधाच्या थेंबांनी तो बधिर झाला होता, पण काका पुरते जागे होते. वर दिव्याचा पांढरा गोळा. एवढा एकच डोळा. भीतीने त्यांचा श्वास आपोआप अडकला.

कुणीतरी मनगट त्यांच्या कपाळाच्या कडेला अलगद टेकवलं.

“श्वास रोखू नका, काका,” मास्कआडून मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. “सोडा. सोडता सोडताच टेकवायचं असतं.”