कॅप्टनची जर्सी
मी शाळा सोडून वर्ष झालं, पण दादाच्या कॉलेजची एकही बास्केटबॉल मॅच मी चुकवली नाही. आमची टीम पळते मस्त, नेम पक्का, पण सगळे शेळपट! त्या दिवशी समोरच्या टीमचा एक लंबू प्रत्येक उडीला दादाच्या बरगडीत कोपर घालत होता आणि रेफरीला दिसतच नव्हतं. कॅप्टन असून दादा मुकाट हटायचा. माझं डोकं सटकलं. बाकावर चढून मी बोंबलले, “दादा, मार खायला आलायस का? फोड त्याचं थोबाड!” पुढच्या उडीला त्यानं फोडलं. लंबू तोंड धरून खाली बसला, बोटांतून रक्त गळलं, दोन दात पार रेषेपर्यंत घरंगळले. मी टाळ्या पिटल्या. रेफरीनं दादाला मॅचमधून काढलं आणि कोचनं टीममधूनच. दादानं पायऱ्या चढून येऊन अंगातली जर्सी माझ्या तोंडावर फेकली. “घे, आता तू खेळ.” ती अजून घामानं ओली होती.