कोट धरणारी

कोच प्रॅथर रेषा ओलांडून बास्केटबॉलच्या मैदानात पाऊल टाकणार, एवढ्यात कोरिननं मागून त्यांच्या कोटाचं टोक पकडलं आणि मुठीला एक पीळ दिला.

"सोड!"

"नाही सोडणार. एक टेक्निकल फाउल झालाय तुमच्या नावावर. आणखी एक झाला की बाहेर काढतील."

"धक्का दिसला नाही त्याला? आंधळा आहे का तो रेफरी?"

"आहे. तरी मागे या, कोच."

हार्लन क्रीक कॉलेजात पहिल्या साहाय्यक कोचचं पहिलं काम हेच. व्यायामशाळेच्या भिंतीवरच्या फोटोंत पुढे लालबुंद झालेले प्रॅथर आणि त्यांच्या पाठीशी कोटाला चिकटलेली कुणाची तरी मूठ. मुठी बदलत गेल्या. चेहरे चौकटीत आलेच नाहीत. गावातला शिंपी तर कोचच्या कोटाला मागून न सांगताच दुहेरी शिवण घालायचा.

"मूठ खाली धर," शेजारून ऑर्विल म्हणाला. कोरिनच्या आधी ही मूठ त्याची होती. खांदा निखळल्यापासून तो बाकावर टॉवेल सांभाळत बसे. "वरून ओढलंस तर बाही येते हातात. मी एकदा नुसती बाही घेऊन बसलो होतो."

दोन मिनिटंही उरली नव्हती आणि हार्लन क्रीकच्या मुली एका गुणानं मागे होत्या. संघातल्या तिघी पक्क्या खेळाडू पाच-पाच फाउल होऊन बाकावर आल्या होत्या. त्यांच्या जागी बदली मुली. लँडन कॉलेजची अकरा नंबरची ठेंगणी पोरगी दर वेळी अंगावरच्या मुलीला हुलकावणी देऊन थेट बास्केटखाली पोचत होती. तिला रोखायला एकटी कुणीही पुरी पडत नव्हती.

मघाशी टाइम-आउटमध्ये कोरिननं सांगून पाहिलं होतं, "कोच, एकेकीनं एकेक खेळाडू धरणं पुरे. जागा वाटून उभ्या राहू देत."

"म्हणजे कुंपण?" प्रॅथर म्हणाले होते. "जागा राखायला माझ्याकडे गुरं नाहीत. या कॉलेजात खेळाडू धरतात, जागा नाही." आणि मग, आवाज उतरवून, "ऑर्विलच्या आधीच्यानं एकदा लावलं होतं माझ्या पाठीमागे. सध्या सलायना गावात विमा विकतो तो."

त्याचा फोटो भिंतीवर नव्हता. मूठसुद्धा नाही.

आता प्रॅथर तिच्याकडे पाठ करून रेफरीला त्याच्या डोळ्यांचा डॉक्टर कोण ते विचारत होते. कोटाला ताण होता, म्हणजे ते एवढ्यात वळणार नव्हते. मैदानात चेंडू लँडनच्या हातात जायचा होता. कोरिननं पाच जणींकडे पाहिलं. तिघी बदली. सरावात आठवडाभर त्यांचं काम एकच, पुढच्या सामन्यातल्या विरोधी संघाची नक्कल करायची. निम्मे विरोधी संघ कुंपण लावत. त्यामुळे ते तिनंच त्यांना शिकवलं होतं, इतकं की आता त्या झोपेतही लावतील. उरलेल्या दोघी रोज त्याच कुंपणावर आपटत होत्या.

तिनं मोकळा हात उचलून डोक्यावर ठेवला. सरावात या खुणेचा अर्थ होता, आता तुम्ही 'त्या' व्हा.

लेटी, तिघींतली सर्वांत उंच, थबकली. तिनं कोचच्या पाठीमागच्या त्या हाताकडे पाहिलं, मग कोचकडे, मग पुन्हा हाताकडे. खरंच? असं तिचं तोंड झालं.

कोरिननं हात काढला नाही.

"अगं बाई," ऑर्विल पुटपुटला. "विम्याचं काम येतं का तुला?"

"शिकेन."

लेटीनं आपल्या डोक्यावर थाप मारली. बाकीच्यांनी ती पाहिली आणि पाची जणी सरकून आपापल्या जागी हात पसरून उभ्या राहिल्या. अकरा नंबरची नेहमीसारखी सुसाट आली. पहिली मुलगी मागे पडली, तर पुढे दुसरी उभी. वळली, तर तिसरी. तिनं घाईनं चेंडू बाहेर भिरकावला आणि लेटीच्या लांब हातानं तो वाटेतच अडवला. पुढे मोकळं मैदान होतं. बास्केट.

प्रेक्षक उठून उभे राहिले. हार्लन क्रीक एका गुणानं पुढे.

आरडाओरडा ऐकून प्रॅथर वळले. चेंडू पुन्हा लँडनकडे होता आणि त्यांच्या मुली पुन्हा हात पसरून जागा राखत उभ्या होत्या. त्यांनी एकेकीला नीट पाहिलं. मग खांद्यावरून कोरिनकडे. तिचा एक हात त्यांच्या कोटावर होता, दुसरा अजून डोक्यावर.

"कोच बघतायत," ऑर्विल ओठ न हलवता म्हणाला.

"बघू देत."

प्रॅथरची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. मूठ वर केली की खेळाडू धरा, ही त्यांची खूण सगळ्या मुलींना पाठ होती. त्यांचा हात छातीपर्यंत आला. कोरिननं नजर हलवली नाही. मैदानातून लेटी दोघांकडे बघत होती.

तो हात छातीपाशीच थांबला. त्यांनी टाय जरासा सैल केला.

"स्टॅम्बॉ," ते तिचं आडनाव घेऊन हळूच म्हणाले, "कोट घट्ट धर."

आणि मुलींच्या कुंपणाकडे कानाडोळा करून, पुढे झुकून, ते रेफरीवर पुन्हा ओरडायला लागले. रेफरी गोंधळून तोंडातली शिट्टी काढून बघत राहिला. या खेपेला त्यानं काहीच केलं नव्हतं.