मनुबाईचा भोपळा

बहात्तरच्या दुष्काळात वेल जळाले आणि मिरजेच्या नियाजला तंबोऱ्यासाठी भोपळा मिळेना. लाकूड महागलं, तारा महागल्या, ते त्यानं सोसलं. पण भोपळ्यावाचून तंबोरा म्हणजे नुसतं दांडकंच की! हिंडत हिंडत तो पलूसकडं नदीकाठच्या गुंडा नावाच्या शेतकऱ्याच्या घरी पोचला, तर आढ्याला घागरीएवढा वाळलेला भोपळा टांगलेला.

"त्यो न्हाई द्यायचा," गुंडाची बायको मनुबाई आडवी आली. "त्यो पाठीला बांधून मी नदीपल्याड रानातलं तण भांगलायला जाते. मला पवाय येत न्हाई."

"गुडघाभर तरी पाणी हाय का नदीत?" गुंडा हसला. "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू."

नियाजनं टिचकी मारली. असा नाद त्यानं जन्मात ऐकला नव्हता. मनुबाईकडं न बघता त्यानं दुप्पट भाव सांगितला आणि भोपळा लेकरासारखा पोटाशी धरून निघाला.

पुढच्या साली पाऊस धो धो लागला. संक्रांत सरल्यावर गुंडा गाडीभर वाळलेले भोपळे घेऊन आपणहून मिरजेला आला. नियाज हरखला. "एवढं कुठनं आणलंस, गड्या?"

"तुमी गेल्यावर बायकोनंच घरामागं परडंभर वेल लावलं हुतं, नवा भोपळा पायजे म्हणून. फळ धरायच्या आधीच ती पुरात व्हावून गेली. आता पल्याड जाणारं घरात कोण न्हाई, समदं घेऊन टाका."

 

नियाजनं एकेका भोपळ्याला टिचकी मारली. मग म्हणाला, "औंदा भोपळा लय झालाय गड्या, निम्म्याच भावानं घेईन."