पंपाचा दांडा

हातपंपाला नुसता धोक्याचा लाल रंग फासून भागत नाही, हे पंपवाला अनुभवाने शिकला होता. पाणी दिसायला काचेसारखं, चवीला गोड. त्यात विष आहे हे माणसं चार दिवसांत विसरतात. म्हणून तो पंपाचा दांडाच काढून न्यायचा.

त्या दुपारीही त्याने दांडा काढला, आणि ग्रीसने माखलेले हात धुण्यात बाटलीतलं पाणी संपलं. असल्या वस्तीतलं पाणी तो कधी तोंडाला लावत नसे. पण घशाला कोरड पडली होती, आणि समोरच्या घरातल्या मावशींनी आत बोलावलं.

दांडा मांडीवर आडवा ठेवून तो टेकला.

"टँकरचंच आहे ना, मावशी?"

"घ्या हो बिनघोर. त्या पाण्याने सून गेली आमची. तेव्हापासून घरातलं कुणी पंपाकडे फिरकत नाही."

तो घटाघटा प्याला. पाणी गोड होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. कुर्र, खट्. कुर्र, खट्. कुणीतरी पंप हापसत होतं. दुसरा पंप असेल, असं त्याला वाटलं. पण वस्तीत पंप एकच होता.

मग त्याच्या मांडीवर भार आला. प्रत्येक 'खट्'बरोबर दांडा खाली दबत होता, आणि मुठीचं टोक ओलं झालं होतं.

मावशींनी दाराकडे न बघताच हाक दिली, "पुरे गं आता, भरली कळशी!"

आवाज थांबला.

मावशींनी त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. "थांबा, ताजं देते."